चालते, पण थांबत नाही

गाडीच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तेव्हा काकू शेजारच्या सीटवर ताठ बसून, आपल्याकडे कोण कोण बघतंय याची पाहणी करत होत्या. नवऱ्याने निवृत्त झाल्यावर गाडी घ्यायची आणि ती चार लोकांनी बघायचीही नाही, मग पायीच काय वाईट होतं?

"अगं, हे काय पेटलं?" काकांनी विचारलं.

"गाडी तुम्ही चालवताय. मला काय विचारता?"

"लाल आहे."

"डोळे आहेत मला."

"गोल आहे आणि आत उद्गारचिन्ह आहे."

उद्गारचिन्ह म्हटल्यावर काकूंनी मान वळवली. शाळेचा आणि त्यांचा संबंध लवकरच तुटला होता, पण त्या चिन्हाशी त्यांचं जुनं वैर होतं. विजेच्या खांबावर ते असतं, उंदराच्या औषधावर असतं. जिथे असतं तिथे काहीतरी मरतं.

काकांनी गाडी कडेला घेतली, समोरच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचलं, "हा दिवा ब्रेकसंबंधी आहे. हँडब्रेक पूर्ण खाली असल्याची खात्री करा. तरीही दिवा राहिल्यास वाहन चालवू नका." हँडब्रेक त्यांनी दाबून बघितला. खाली होता. दिवाही होता. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दिवा होताच.

काकांचा स्वभाव असा, की घरातलं घड्याळ बंद पडलं तरी ते आधी स्वतःची नाडी बघायचे. आणि काकू सांगायच्या, की मी माहेराहून काय हवं ते आणलं, भीती तेवढी आणली नाही. ते बऱ्याच अंशी खरं होतं. पण त्या दिवशी काकूही घाबरल्या, कारण त्यांची वसाहत होती टेकडीच्या डोक्यावर. घरून निघालं की रस्ता उतरायचा नाही, कोसळायचा. मध्ये दोन वळणं, आणि तळाशी पाणीखात्याची दगडी भिंत. त्या भिंतीला टेकून बसची वाट बघणारी माणसं कायम उभी. काकूंना आजवर ती माणसं नुसती माणसं वाटत होती. त्या दिवसापासून ती गाडीसमोर मुद्दाम उभी केलेली वाटायला लागली.

आणि घरात सून नववा महिना घेऊन बसली होती. मुलगा नोकरीपायी समुद्रापलीकडे. दवाखाना टेकडीच्या खाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी घेतली होती ती त्या एका दिवसासाठीच. घेतली त्या दिवशी काकूंनी जिन्यात उभं राहून सगळ्या वसाहतीला ऐकवलं होतं, "आमची सून भाड्याच्या गाडीतून जायची नाही." असलं बोलणं तोंडातून बाहेर पडलं की परत आत घेता येत नाही. ते दात उपटल्यासारखं असतं.

घरी येईपर्यंत काका पहिल्या गिअरमध्येच होते. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे निघून गेला.

वसाहतीत बातमी कशी पसरते हे कुणी सांगावं! काका फाटकाशी गाडी लावून खाली उतरतात न उतरतात तोच बसवाले हजर. हे गृहस्थ वरच्या मजल्यावर राहायचे. उभा जन्म सरकारी बस चालवण्यात गेलेला, त्यामुळे गाडी या विषयावर त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी मागच्या चाकाजवळ वाकून नाक ओढलं.

"वास येतोय. जळका."

मग त्यांनी चाकावर पाणी शिंपडलं. छर्र झालं. काकांनी काकूंचा दंड धरला.

"ब्रेक चावतोय, चाक सोडत नाहीये," बसवाले म्हणाले. "हँडब्रेक खाली आहे ना?"

"खाली आहे. पुस्तकात वाचून खाली केलाय," काका म्हणाले.

"मग आत काहीतरी मोठं आहे. वहिनी, घाबरू नका, पण मी असं बघितलंय. ब्रेक लागतो, लागतो, आणि एक दिवस लागत नाही."

"अहो पण आत्ता तर लागला!" काका म्हणाले. "फाटकाशी लागला म्हणून तर थांबलो."

"लागला ना? तो शेवटचा लागला असेल."

एवढं बोलून माणसाने गप्प बसावं की नाही? पण बसवाल्यांना शेवटच्या थांब्यापर्यंत जायची सवय. ते पुढे म्हणाले, "एक लक्षात ठेवा. दिवा लाल आहे तोवर काळजी नाही. तो आपणहून विझला ना, की समजा संपलं. आतली तारच जळते. सांगायलाही कोणी उरत नाही."

म्हणजे दिवा लागला तर भीती, आणि विझला तर जास्त भीती. काकूंना वाटलं, याच्यापेक्षा दिवाच नसता तर काय बिघडलं असतं? आपल्या वडिलांच्या बैलगाडीला कुठे दिवा होता!

तेवढ्यात तळमजल्यावरचे प्राध्यापक आले. ते पदार्थविज्ञान शिकवायचे आणि कुणी विचारलं नाही तरी शिकवायचे. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडायला लावलं, ब्रेक ऑइलची डबी बघितली आणि भुवया वर केल्या.

"ऑइल पूर्ण आहे."

"मग बरं आहे," काकू म्हणाल्या.

"बरं कसं, काकू? ऑइल कमी असतं तर कारण सापडलं असतं. आता कारण अज्ञात आहे." मग त्यांनी उताराकडे बघितलं, डोळे बारीक केले आणि गाडीचं वजन किती, असं विचारलं. काकांनी पुस्तकात बघून सांगितलं. प्राध्यापकांनी हवेत बोटाने काहीतरी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. "साधारण दुसऱ्या वळणापर्यंत वळवता येईल," ते म्हणाले. "पुढे भिंत."

काका फाटकाच्या कट्ट्यावर बसले.

वरच्या गॅलरीतून सून हे सगळं बघत होती. पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "आई, नुसता दिवा आहे तो. गॅरेजला दाखवा की."

"आम्हाला कळतं हो," काकू म्हणाल्या.

सून शिकलेली होती. ऑफिसात चार माणसं तिच्या हाताखाली होती म्हणे. काकूंचं तिच्यावर मन नव्हतं असं नाही, पण शिकलेल्या सुनेने बरोबर बोलावं आणि तेही हळू आवाजात बोलावं, हे काकूंना सहन व्हायचं नाही. चढ्या आवाजाला उत्तर देता येतं. हळू आवाजाला काय देणार?

दुसऱ्या दिवशी काकांनी गॅरेजला फोन केला. गॅरेजवाले म्हणाले, गाडी घेऊन या. काका म्हणाले, गाडीला ब्रेक नाही असं शेजारी म्हणतात. गॅरेजवाले म्हणाले, मग आणू नका. मग गाडी उचलून नेणाऱ्या कंपनीला फोन झाला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, तुमची गाडी चालते का?"

"चालते. म्हणजे, चालते, पण थांबत नाही अशी शंका आहे."

"चालत असेल तर उचलता येणार नाही, सर. आमची योजना बंद पडलेल्या गाड्यांसाठी आहे."

"अहो बाई, बंद पडायची वाट कशी बघू? उतार आहे."

"न थांबणाऱ्या गाडीसाठी योजना नाही, सर. गाडी थांबली की फोन करा."

काकूंनी फोन ओढून घेतला. "बाळ, ती भिंतीत जाऊन थांबली तर चालेल का तुम्हाला?"

"भिंतीत असेल तर अपघात विभाग, मॅडम. त्यासाठी दोन दाबा."

काकूंनी रागाने दोन दाबलं. तिकडे बासरी वाजायला लागली. बराच वेळ काकू कानाशी बासरी धरून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांना वाटलं की ही आपल्या तेराव्याचीच तयारी चालली आहे. त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटी तोडगा बसवाल्यांनी काढला. दोन विटा घ्यायच्या. गाडी जिथे थांबेल तिथे काकूंनी खाली उतरायचं आणि चाकासमोर वीट लावायची. निघताना वीट काढायची, आत बसायचं. "आम्ही घाटात असंच करायचो," ते म्हणाले. "फक्त आमच्याकडे कंडक्टर होता."

म्हणजे एवढा मान कमावून म्हातारपणी काकू कंडक्टर झाल्या. बरं, झाल्या तर झाल्या, पण नुसती उघडी वीट मांडीवर घेऊन चारचौघांतून जायचं? काकूंच्या घरात उघडी वस्तू म्हणून सापडायची नाही. टीव्हीला लोकरीचा झगा, फोनला टोपी, बरण्यांना झालरी. गाडी घरात आली त्या आठवड्यात काकू सुया घेऊन बसल्या आणि सीटची डोकी, गिअरचा गोळा, हँडब्रेकचा दांडा, सगळ्यांना लालपिवळ्या लोकरीचे कपडे झाले. स्टिअरिंग तेवढं काकांनी हात जोडून वाचवलं. तेव्हा सून म्हणाली होती, "आई, हँडब्रेकला कशाला? तो सारखा खालीवर होतो."

"तुझा नवराही पाळण्यात सारखा खालीवर व्हायचा," काकू म्हणाल्या होत्या. "त्यालाही मी स्वेटर घातलाच होता."

सून गप्प बसली. ते काकूंना फार आवडलं होतं.

तेव्हा विटांनाही कपडे झाले. लाल लोकर, पिवळी किनार. गुंडी लावायला वेळ मिळाला नाही.

गॅरेजपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. काकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, की जणू ते पळून जाणार होतं. प्रत्येक चौकात काकू दार उघडून विटेसह उतरायच्या, वाकायच्या, लावायच्या. सिग्नल हिरवा झाला की काढायच्या. मागचे लोक भोंगे वाजवायचे. एकाने डोकं बाहेर काढून विचारलं, "आजी, घर बांधताय का?" काकूंनी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्याजोगं नाही, पण त्याने काच वर केली.

गॅरेज म्हणजे दवाखान्याहून स्वच्छ. आत टाय लावलेला एक माणूस होता. त्याने आधी चिठ्ठी दिली, मग खुर्ची दिली, मग दुसरी चिठ्ठी दिली. बाकी काही विचारलं नाही. गाडी आत गेली. गाडी धुणाऱ्या मुलीने आतले सगळे लोकरीचे कपडे काढले, घडी घातली आणि प्लास्टिकच्या पिशवीत भरून काकूंच्या हातात आणून दिले. तेवढीच काय ती रीतभात दिसली.

मग टायवाल्याने गाडीला एक वायर जोडली आणि पडद्याकडे बघितलं.

"काही दोष नाही."

"लाल दिवा आहे ना!" काका म्हणाले.

"कुठे आहे?"

काकांनी वाकून आत बघितलं. दिवा नव्हता. काका सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "विझला," ते म्हणाले. "अगं, विझला! संपलं!"

"सर, विझला म्हणजे चांगलं," टायवाला म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? बस चालवलीये का कधी?"

टायवाल्याने नम्रपणे सांगितलं, की कॉम्प्युटरला दोष दिसत नाही आणि कॉम्प्युटरला न दिसणारा दोष लिहायला कागदावर जागा नाही. दिवा लागलेला असताना गाडी आणा. काकू म्हणाल्या, "म्हणजे ताप असताना पोराला आणायचं, आणि तुमच्या दारात आल्यावर तो उतरला तर तुम्ही पोरालाच खोटं ठरवणार?" टायवाल्याने तिसरी चिठ्ठी दिली.

काकूंनी मात्र एवढ्या माणसांत आपल्या गाडीला उघडंबोडकं नेलं नाही. तिथेच आवारात बसून त्यांनी एकेक कपडा परत चढवला. हँडब्रेकचा तर मोजा ओढावा तसा ओढून, तळाशी छान चुण्या करून, दाबून दाबून बसवला. मग निघाल्या.

पहिल्या चौकात दिवा लागला.

"लागला!" काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "अजून जीव आहे गाडीत."

त्या दिवसापासून घरात त्या दिव्याशिवाय बोलणं उरलं नाही. काका दर सकाळी खाली जायचे, किल्ली फिरवायचे, दिवा आहे ना बघायचे आणि वर येऊन सांगायचे, "आहे." जसं घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं माणूस असावं. काकू बोलून दाखवायच्या नाहीत, पण भांडी घासताना त्यांची नजर खिडकीतून रस्त्यावर जायची. रिकामा रस्ता. मग मनातल्या मनात त्यावरून एक गाडी सुटायची. तिच्यात मागच्या सीटवर सून असायची, आणि सुनेच्या पोटात ते, ज्याच्यासाठी त्यांनी लोकर आधीच आणून ठेवली होती. पहिलं वळण. दुसरं वळण. तिथे काकूंच्या हातून पेला निसटायचा. जेवण जाईना झालं तेव्हा काकूंनी पित्ताचं निमित्त सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही, कारण काकूंच्या पित्तालाही काकूंना त्रास द्यायची हिंमत नव्हती.

"आई, त्या दिवशी आपण टॅक्सीच बोलावू," सून एकदा म्हणाली.

"बोलवा की," काकू म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच तिच्याशी भांडल्या नाहीत. सुनेने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

पण दुष्काळात तेरावा महिना. ज्या दिवशी सकाळी पाण्याचे पाइप बदलायला माणसं आली, त्यांनी रस्ता अर्धा खणला आणि वरून खाली तेवढी वाट चालू ठेवली, त्याच दिवशी सुनेने स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरली. तारीख अजून पुढे होती. पोटातल्याला तारखा वाचता येत नव्हत्या.

"आई," ती म्हणाली. आवाज हळूच होता, पण तो नेहमीचा हळू नव्हता.

टॅक्सीवाले म्हणाले, वर यायचा रस्ता बंद आहे, टेकडीला वळसा घालून येऊ, वेळ लागेल. रुग्णवाहिका म्हणाली, तेच. वसाहतीतल्या सगळ्या गाड्या मालकांना घेऊन कामावर गेलेल्या. उरले कोण? स्कूटरवाले बसवाले, सायकलवाले प्राध्यापक, आणि लाल दिव्यासह काका.

काकूंनी सुनेच्या कळांमधलं अंतर बघितलं. त्यासाठी त्यांना घड्याळ लागलं नाही. दोन मुलं त्यांनी स्वतः जन्माला घातली होती आणि दुसऱ्यांची कितीतरी हातावर झेलली होती.

"अहो, किल्ली घ्या."

"अगं, पण दिवा..."

"दिवा बाळंत व्हायचा नाही. किल्ली घ्या."

निघाले कसे, ते बघायला सारी वसाहत गॅलरीत होती. मागच्या सीटवर सून आडवी. पुढे काका, ओठांवर जप. काकू शेजारी, कारण बसवाल्यांनी त्यांना नवीन काम दिलं होतं: ब्रेक गेला की हँडब्रेक ओढायचा. आणि गाडीच्या उजव्या चाकाशी बसवाले, डाव्या चाकाशी प्राध्यापक, हातात एकेक वीट घेऊन पायी. लाल लोकर, पिवळी किनार. गाडी त्यांच्या चालीने चालली होती. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ती परत घातली.

पहिलं वळण गेलं. जळका वास यायला लागला. सुनेने कण्हणं दाबलं, आणि दाबलेलं कण्हणं काकूंना ओरडण्यापेक्षा जास्त ऐकू आलं. त्यांच्या हाताखाली हँडब्रेकचा दांडा होता, त्यावर त्यांचीच लोकर, घामाने ओली. समोर उताराच्या टोकाला ती भिंत. भिंतीशी माणसं. आज जरा जास्तच वाटत होती.

"आई, थांबू नका," सून म्हणाली.

"थांबता येतच नाही, बाळ," काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

तेवढ्यात दुसऱ्या वळणावर खणकामाचा माणूस लाल झेंडा घेऊन मध्ये आला. "थांबा! पाइप जातोय!"

"बाजूला व्हा!" काका ओरडले. "थांबत नाही! थांबत नाही!" आणि ओरडता ओरडता त्यांनी ब्रेकवर असा पाय दिला की गाडी जागच्या जागी खिळली. बसवाले दोन पावलं पुढे जाऊन मागे आले. प्राध्यापकांची वीट हातातून पडून उताराने गडगडत गेली.

"थांबली," झेंडेवाला म्हणाला.

"शेवटचा," काका म्हणाले. "तो शेवटचा होता. आता मी जागचा हलत नाही. मी सुनेला आणि नातवंडाला भिंतीत घालणार नाही. मारायचं तर मला मारा."

पाइप गेला. झेंडेवाला बाजूला झाला. गाडी हलेना. मागे सुनेने सीटचं कापड मुठीत धरलं.

आणि काकूंनी, काही सुचेना म्हणून, जशी भीतीत कुणी पदराची गाठ आवळेल तशी दांड्याच्या बुडाशी गोळा झालेली लोकर मुठीत आवळली.

दांडा खाली गेला. जरासाच, करंगळीएवढा. आणि दिवा विझला.

काकूंनी मूठ सोडली. लोकर फुगली, दांडा वर आला. दिवा लागला.

आवळली. विझला. सोडली. लागला.

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांनी आजवर निदान शंभर माणसांना ऐकवली होती. तो दांडा पूर्ण खाली बसतच नव्हता. त्याच्या खोबणीत त्यांच्या हातच्या चुण्या बसल्या होत्या. म्हणून ब्रेक अर्धा धरलेला, म्हणून चाक तापलेलं, म्हणून वास, म्हणून दिवा. आणि ही सगळी फरफट, भिंत, बासरी, विटा.

तोंडातून एक शब्द न काढता मोजा उपटायचा आणि पर्समध्ये टाकायचा. कुणाला कळणार होतं? काकूंनी तेच केलं. एका झटक्यात उपटला. दांडा टकदिशी खाली बसला. दिवा गेला.

काकांनी डोळे मिटले. "विझला," ते म्हणाले. "तार जळाली. आता माझा प्राण गेला तरी चालवणार नाही."

"विझला?" बसवाले खिडकीत वाकले. "उतरवा, वहिनी! सुनेला आधी उतरवा!"

मागून सुनेच्या तोंडून पहिल्यांदा पूर्ण किंकाळी निघाली.

पर्स काकूंच्या मांडीवर होती. पर्समध्ये मोजा होता. एवढ्या वर्षांचा मान त्यात दडला होता. समोर झेंडेवाला, दोन्ही खिडक्यांत शेजारी, आणि मागे ती, जिने पहिल्याच दिवशी हळू आवाजात बरोबर सांगितलं होतं. काकूंना वाटलं, भिंत परवडली.

"अहो, डोळे उघडा," त्या म्हणाल्या. "दिवा विझला नाही. मी विझवला."

"तू?"

"पेटवला होता तोही मीच." त्यांनी पर्समधून लालपिवळा मोजा काढून सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "याने. हा दांड्याखाली अडकत होता. गाडीला काही झालेलं नाही. गॅरेजात त्या मुलीने कपडे काढले तेव्हा विझला तो याच्यामुळे, आणि मी परत घातले तेव्हा लागला तोही याच्यामुळे. सून सांगत होती, मी ऐकलं नाही. झालं समाधान? आता कुणाला हसायचं असेल त्याने घरी जाऊन हसा. इथे रस्ता अडतोय!"

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती नव्हती. बसवाल्यांनी नुसतं चाकाकडे बघितलं आणि म्हणाले, "मी विचारलं होतं, हँडब्रेक खाली आहे ना."

"विचारलं होतं. आता सरका."

काकांचा अजून विश्वास बसेना. काकूंनी दांडा वर ओढला, दिवा लागला. खाली केला, दिवा गेला. तान्ह्या मुलाला खुळखुळा दाखवावा तसं त्यांनी ते दोनदा केलं. मग काकांनी हळूच पाय उचलला.

"आई," मागून आवाज आला.

काकूंनी मान खाली घातली. आता बोलेल. बोलू दे. हक्क आहे.

"आधी जाऊ या," सून धापा टाकत म्हणाली. "मी नंतर हसते."

गाडी अशी सुटली, की जणू गेले कित्येक दिवस तिच्या मागे कुणी दोर बांधून ओढत होतं आणि तो तुटला. भिंतीजवळ काकांनी ब्रेक दाबला. लागला. माणसं उभी होती तशीच उभी राहिली, एकीने तर जांभई दिली. काकूंनी त्या भिंतीकडे पाहिलंही नाही. त्या मागे वळून, सीटांच्या मधून हात घालून, सुनेचा हात धरून बसल्या होत्या, आणि दवाखान्यापर्यंत कुणी कुणाचा हात आवळत होतं हे सांगणं कठीण होतं.

नात झाली. काळंकुळकुळीत दाट जावळ असलेली, आणि आवाज असा, की काका कॉरिडॉरमधूनच म्हणाले, "घरात आणखी एक."

काकूंनी तो मोजा उसवला, लोकर धुऊन वाळवली आणि तिची टोपी विणली. लाल, पिवळी किनार. घेऊन गेल्या तेव्हा सुनेने टोपी हातात घेतली, आतून बोट फिरवून बघितली, मुलीच्या डोक्यावर चढवली आणि कडा कानांखाली ओढली. मग सासूकडे बघितलं. चेहरा साधा. आवाज तोच, हळू.

"आई, ही पूर्ण खाली बसलीये ना?"

तेवढ्यात मुलगी लालभडक झाली आणि किंचाळायला लागली. काका दारात दचकून दोन पावलं मागे सरले.

"अगं, हे काय पेटलं?"

"बसा तिकडे," काकू म्हणाल्या. त्यांनी टोपी काढून खाली ठेवली, मुलीला उचलून खांद्यावर घेतलं, आणि पहिल्यांदाच सून हसत असताना तिला हसू दिलं.